निर्गुडीचा पाला प्रयोगशाळेत गेल्यावर



बांधावरची निर्गुडी आपल्याला नवी नाही. जनावरे तिला तोंड लावत नाहीत म्हणून ती कुंपणाला चालते. कणगीतल्या धान्याला कीड लागू नये म्हणून तिचा पाला घालतात. गुडघा धरला, कंबर भरली की हाच पाला तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून शेकण्याची रीत घरोघरी आहे. अलीकडे या पाल्याला, तसेच हळद, अश्वगंधा, सालईचा डिंक यांना औषधी मालाचे व्यापारी व अर्क काढणारे कारखाने यांच्याकडून मागणी असते. मागणीबरोबर दलाल येतात, कराराचे कागद येतात आणि त्या कागदांवर एक वाक्य बहुधा असतेच : 'प्रयोगशाळेत सिद्ध झालेले वेदनाशामक, दाहशामक व अँटिऑक्सिडंट गुणधर्म.'

या वाक्याचा नेमका अर्थ दोन कारणांसाठी समजून घेणे जरूर आहे. एक तर त्यावर विसंबून आपण एकर-दोन एकर जमीन आणि घरचे भांडवल अडकवतो. सफेद मुसळीच्या वेळी काय झाले ते अनेकांना आठवत असेल. बेणे सोन्याच्या भावाने घेतले आणि माल निघाला तेव्हा घेणारा सापडेना. दुसरे कारण आपल्या शरीराचे. दिवसभर वाकून काम करणाऱ्याचे गुडघे दुखतात आणि त्याच वाक्यावर विश्वास ठेवून आठवडी बाजारातली पुडी आपण घेतो. म्हणून बांधावरचा पाला प्रयोगशाळेत गेल्यावर त्याचे काय काय होते ते या लेखात पाहू.

आधी ओळख, मग राख

पोते आले की लगेच प्रयोग सुरू होत नाही. प्रथम वनस्पती तीच आहे याची खात्री करतात. त्यासाठी पाने, फुले, शक्य तर फळे असलेली डहाळी दाबून वाळवून वनस्पतिशास्त्रज्ञाकडे दिली जाते व तिचा नमुना कायमचा जपून ठेवला जातो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था येथे अशा नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. हे काम किरकोळ वाटते, पण निर्गुडीच्याच कुळातली दुसरी जात समुद्रकाठी वाढते आणि पाला वाळून चुरा झाल्यावर दोन्हींत फरक करणे कठीण जाते. नावात चूक झाली तर पुढचे सगळे आकडे फुकट गेले म्हणून समजा.

त्यानंतर मालाची तपासणी होते. त्यात काडी-कचरा किती, ओलावा किती आणि जाळल्यावर राख किती उरते हे पाहतात. ही राख आम्लात उकळली की वनस्पतीचे स्वतःचे क्षार विरघळून जातात व मागे मुख्यतः वाळू-माती राहते. पाला डांबरी रस्त्यावर वाळवला की खळ्यावर, हे राख सांगते. आमच्या माहितीतल्या एका बागाईतदाराचा पाला याच कारणाने परत आला. पाला चांगला हिरवा, वासाला तेज, परंतु मजुरांनी तो गावाबाहेरच्या सडकेवर पसरला होता. जाण्या-येण्याचे भाडे अंगावर पडले आणि घेणाऱ्याने पुन्हा नाव काढले नाही.

जड धातूंचीही तपासणी असते. वनौषधींसाठी आपल्याकडे सांभाळली जाणारी मर्यादा दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग अशी आहे. हमरस्त्याच्या कडेचा, कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेला माल इथे अडकतो.

अर्क म्हणजे पाल्याचा सगळा गुण नव्हे

वाळलेला पाला भरड दळून द्रावकात भिजवतात किंवा सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात उकळत्या द्रावकाने पुन्हा पुन्हा धुतात. पेट्रोलियम ईथरने मेण, चरबी व हिरवा रंग निघतो. अल्कोहोलने निर्गुडीतील कॅस्टिसिनसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्ये निघतात. निगुंडोसाइड व अॅग्नुसाइड ही द्रव्येही अल्कोहोलात येतात. पाण्यात आणखी वेगळेच काही उतरते. मग द्रावक कमी दाबाखाली उडवून देतात आणि बुडाशी काकवीसारखा चिकट अर्क उरतो. १०० ग्रॅम भुकटीतून १० ग्रॅम अर्क मिळाला तर उतारा १० टक्के झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरचा काढा पाण्यातला असतो, शेक वाफेचा असतो आणि निर्गुडीचे तेल तिळाच्या तेलात सिद्ध केलेले असते. प्रयोग मात्र पुष्कळदा अल्कोहोलच्या अर्कावर झालेला असतो. तेव्हा अल्कोहोलच्या अर्काने गुण दाखवला म्हणजे आपल्या काढ्याने दाखवला असे होत नाही. उलट, त्या अर्काने दाखवला नाही म्हणून आजीचा शेक खोटा ठरतो असेही नाही. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली मुद्दाम ताज्या पानांचा पाण्यातला अर्क घेऊन उंदरांवर तपासणी केली आणि त्यातही दाहशामक व वेदनाशामक परिणाम आढळून आला.

सुजलेला पाय

दाहशामक गुणाची सर्वांत रुळलेली कसोटी १९६२ पासून चालत आलेली आहे. तांबड्या समुद्रशेवाळापासून कॅराजीनन नावाचे चिकट द्रव्य काढतात. आइस्क्रीम दाट व्हावे म्हणून त्यात घालतात तेच हे. पोटात गेले तर त्रास नाही, पण त्याचे एक टक्का द्रावण पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजाच्या कातडीखाली टोचले की काही तासांत पंजा सुजतो. पारा किंवा पाणी भरलेल्या नळीत पंजा बुडवून किती द्रव वर सरकला यावरून सूज मोजतात. तासातासाने नोंद घेतात व साधारण तिसऱ्या तासाचा आकडा महत्त्वाचा धरतात, कारण तोवर सुजेत प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांचा जोर झालेला असतो. ॲस्पिरिन हीच द्रव्ये तयार होऊ देत नाही, हे इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले व १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

उंदरांचे गट पाडतात, गटात बहुधा सहा. एका गटाला नुसते पाणी, एकाला माहितीचे औषध (डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिन), बाकीच्यांना अर्काच्या वाढत्या मात्रा. उदाहरणादाखल आकडे घेऊ. पाण्याच्या गटात सूज ०.८० मिलिलिटर वाढली, अर्काच्या गटात ०.५० आणि डायक्लोफिनॅकच्या गटात ०.३०. तर अर्काने सूज ०.३० ने म्हणजे साडेसदतीस टक्के अडवली आणि औषधाने साडेबासष्ट टक्के. अहवालात 'अर्काने लक्षणीय दाहशमन झाले' असे लिहिले जाईल आणि ते खोटे नसेल. लक्षणीय याचा संख्याशास्त्रातला अर्थ एवढाच की हा फरक योगायोगाने पडला असण्याचा संभव कमी आहे. फरक मोठा आहे की लहान, हे तो शब्द सांगत नाही.

आता मात्रेचा हिशेब पाहा. समजा हा परिणाम उंदराच्या किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम अर्काने मिळाला. उंदराची मात्रा माणसाला तशीच लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तिला सुमारे ६.२ ने भागतात. म्हणजे किलोला ३२ मिलिग्रॅम आणि ६० किलोच्या माणसाला जवळजवळ १.९ ग्रॅम अर्क. उतारा १० टक्के असेल तर त्यासाठी १९ ग्रॅम वाळला पाला लागेल आणि ओला तर त्याच्या तिप्पट-चौपट. ही एका दिवसाची मात्रा झाली. बाजारातल्या गोळीत दोन-चार चिमट्या भुकटी असेल तर त्या प्रयोगाचा दाखला तिच्या डबीवर छापण्याला अर्थ काय? हा हिशेब फार ढोबळ आहे, त्यावरून कोणी घरी मात्रा ठरवू नये. परंतु कागद घेऊन येणाऱ्याला विचारायला तो पुरेसा आहे.

(डायक्लोफिनॅकचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. हेच औषध दुखऱ्या गुरांना सर्रास टोचले जाई. अशी गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे २००४ साली सिद्ध झाले व २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठीची बाटली गोठ्यात वापरू नये.)

दुखणे मोजायचे कसे?

सूज नळीत मोजता येते, पण उंदीर 'दुखते' असे सांगत नाही. म्हणून त्याच्या हालचालींवरून अंदाज बांधतात. एका पद्धतीत लहान जातीच्या उंदराच्या पोटात सौम्य ॲसेटिक आम्ल टोचतात, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलेच आम्ल. उंदीर पोट आवळून अंग ताणतो. ठराविक मिनिटांत तो किती वेळा ताणतो हे मोजतात. दुसऱ्या पद्धतीत ५५ अंश सेल्सिअस तापवलेल्या तव्यावर त्याला ठेवून किती सेकंदांनी तो पाय चाटतो किंवा उडी मारतो ते पाहतात. पंधरा सेकंदांच्या सुमारास त्याला उचलून घेतात, इजा होऊ देत नाहीत. तिसऱ्या पद्धतीत पंजात फॉर्मेलिन टोचतात. पहिली पाच मिनिटे सरळ नसेची वेदना असते, पंधरा मिनिटांनंतरची वेदना दाहातून आलेली असते.

या सगळ्या कसोट्या कशाला, असे वाटेल. कारण प्रत्येक कसोटी वेगळे सांगते. तव्याच्या कसोटीत अफूच्या जातीचे, मेंदूवर काम करणारे औषध चांगले उतरते, ॲस्पिरिन फारसे उतरत नाही. आम्लाच्या कसोटीत ॲस्पिरिनही उतरते आणि वेदनेशी संबंध नसलेली कितीतरी द्रव्येही उतरतात. नुसती गुंगी आणणारा किंवा स्नायू सैल करणारा अर्क दिला तरी उंदीर अंग ताणत नाही, कारण त्याला हलताच येत नाही! म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत असाच एक गट फिरत्या दांड्यावर चालवून पाहतात. उंदीर तोल सांभाळत असेल तरच त्याची वेदना कमी झाली म्हणायचे. फक्त आम्लाची एक कसोटी करून 'उत्तम वेदनाशामक' असा निष्कर्ष काढलेला अहवाल हाती आला तर तो बाजूला ठेवावा.

मुक्या जिवाला दुखवून हे सर्व होते, याची जाणीव काम करणाऱ्यांनाही असते. अशा प्रयोगांना १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियम आहेत. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घेतल्याशिवाय ते करता येत नाहीत व लागतील तेवढेच प्राणी वापरावे लागतात. अर्क विषारी नाही ना, याचीही आधी चाचणी होते. किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत एकदाच मात्रा देऊन चौदा दिवस प्राण्यांवर लक्ष ठेवतात. मात्र एका मात्रेने उंदीर दगावला नाही याचा अर्थ तीच वस्तू वर्षभर घेणे निर्धोक आहे असा नव्हे.

जांभळ्याचा पिवळा

अँटिऑक्सिडंट गुणाची परीक्षा सर्वांत सोपी व स्वस्त आहे, आणि म्हणूनच तिचा सर्वांत जास्त बोलबाला आहे. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, शेंगदाण्याचे तेल जुने झाले की खवट होते. हवेतल्या ऑक्सिजनने हे घडते. वांग्याला लिंबू लावले की काळेपणा थांबतो. शरीरातही असेच अर्धवट, चिडके रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचे जांभळे द्रव्य वापरतात, ते स्वतःच असा चिडका रेणू आहे. त्यात अर्क घातला आणि रंग उतरून पिवळा झाला की अर्काने तो रेणू शमवला असे समजतात. रंग निम्मा उतरवायला किती अर्क लागतो हा आकडा काढतात. तो जितका लहान तितका अर्क जोरकस.

आता गंमत अशी की, आपला रोजचा कोरा चहा या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतो. आवळा होतो, डाळिंबाची साल होते, बाभळीची सालही होते. तुरट चवीची बहुतेक वनस्पती या परीक्षेत यशस्वी होते. काचेच्या नळीतला रंग आणि माणसाच्या शरीरातला परिणाम यांत मोठे अंतर आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल १९९४ साली लागला. बीटा-कॅरोटीन या नामांकित अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीचा तक्ता प्रसिद्ध केला होता, तो २०१२ साली स्वतःच मागे घेतला. त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, हे कारण दिले होते. दलालाच्या कागदावर फक्त हीच एक परीक्षा असेल तर त्यावर पीक ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हळदीचे काय झाले?

हळदीतील करक्युमिन पाश्चात्त्य रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ सालीच वेगळे केले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व छापील लेख पुरावा म्हणून मांडून ते १९९७ साली रद्द करविले. तो लढा आपण जिंकलो. पण गुण सिद्ध करण्याचे काम त्याने संपले नाही.

करक्युमिन नळीतल्या आणि उंदरांवरच्या जवळजवळ प्रत्येक कसोटीला उतरले. तोंडाने घेतल्यावर मात्र ते रक्तात फारच थोडे जाते. बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवले की २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिऱ्यातील पिपरीन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिले तर रक्तातील प्रमाण वीसपट वाढते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका आढाव्यात आणखी खोच दाखवली गेली : करक्युमिनचा पिवळा रंग, त्याची चमक आणि त्याचे झटपट विघटन यांमुळे अनेक कसोट्या फसव्या निकाल देतात. शिवाय शोषण वाढवलेल्या गोळ्या निर्धोक म्हणाव्यात तर इटलीत २०१९ साली त्या घेणाऱ्या काही जणांना कावीळ झाली.

म्हणजे हळद निरुपयोगी आहे का? तसे नाही. थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या ३६७ रुग्णांपैकी काहींना हळदीचा अर्क रोज १५०० मिलिग्रॅम व काहींना आयबुप्रोफेन रोज १२०० मिलिग्रॅम असे चार आठवडे दिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात दोघांचा आराम सारखाच भरला आणि हळदीच्या गटात पोटाचा त्रास कमी आढळला. सालईच्या डिंकाची अशीच चाचणी आपल्या नागपुरात झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. ३० रुग्ण, आठ आठवडे अर्क व आठ आठवडे खोटे औषध, कोणाला केव्हा काय दिले हे रुग्णाला व डॉक्टरला दोघांनाही ठाऊक नाही. अर्काने दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालणे वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र फरक दिसला नाही. आराम पडला, झीज भरून आली नाही. रुग्ण थोडे होते आणि चाचणी थोड्या दिवसांची होती. तरीही उंदरांवरच्या ढीगभर अहवालांपेक्षा असा एक कागद आम्ही जास्त मोलाचा मानतो.

आठवडी बाजारातल्या पुडीबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की, सांधेदुखीची पुडी दोन दिवसांत जादू करते तेव्हा तिच्यात स्टिरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. असे प्रकार पुष्कळदा पकडले गेले आहेत. पोटात व्रण होणे, मूत्रपिंड बिघडणे, साखर वाढणे हे त्याचे परिणाम. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हळदीचा अर्कसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्या हातातले काम

अर्कात गुण उतरतो की नाही, याचा बराच भाग शेतात आणि खळ्यावर ठरतो. निर्गुडीचा पाला फुलोऱ्याच्या सुमारास, दव उडून गेल्यावर काढावा. जून, पिवळी व किडकी पाने घेऊ नयेत. काड्या वेगळ्या कराव्यात. पाला सावलीत, हवा खेळेल अशा माचणावर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरावा आणि रोज हलवावा. कडक उन्हात निर्गुडीचे उडणारे तेल निघून जाते व वास मंदावतो. पाने चुरगळल्यावर कुरकुरीत मोडली की वाळली असे समजावे. थोडा दमटपणा राहिला तरी पोत्यात बुरशी धरते आणि बुरशीचे विष अर्कात उतरू शकते.

हळदीच्या बाबतीत जादा शिजवण्याचा मोह टाळावा, त्याने रंग मरतो. पॉलिश करताना बाहेरचा पिवळा रंग लावूच नये. लेड क्रोमेटसारख्या रंगात शिसे असते आणि वर सांगितलेल्या मर्यादेत असा माल बसणे शक्य नाही. करक्युमिन उजेडाने उतरते, म्हणून वाळलेली हळद अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावी. जातीनुसार करक्युमिनचे प्रमाण सामान्यतः दोन ते पाच टक्क्यांपर्यंत बदलते. म्हणून अर्काच्या कारखान्याला माल द्यायचा असेल तर नुसत्या वजनावर भाव ठरवू नये, आपला नमुना तपासून घेऊन टक्क्यावर भाव मागावा.

करार करण्यापूर्वी घेणाऱ्याला विचारावे : कोणत्या भागाचा, कोणत्या द्रावकातला अर्क तपासला? कोणत्या कसोट्या केल्या? माणसांवर चाचणी झाली आहे काय? नापास झालेल्या मालाचे भाडे कोण भरणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. नमुना पाठवताना एकाच कोपऱ्यातला माल न भरता सगळ्या पोत्यांतून मूठ-मूठ घेऊन, एकत्र करून त्यातला अर्धा किलो पाठवावा. तेवढाच दुसरा नमुना त्याच दिवशी कागदी पिशवीत बांधून दोघांच्या सह्यांनिशी स्वतःजवळ ठेवावा. पिशवीवर गाव, गट क्रमांक, काढणीची तारीख, वाळवण्याची पद्धत व पोत्यांची संख्या लिहावी, आणि मालाचे पैसे हाती पडेपर्यंत ती पिशवी उंदीर लागणार नाहीत अशा जागी टांगून ठेवावी.